पुस्तक उघडते, पण तिसाव्या पानापुढे जात नाही

पत्र असं आहे:

"मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना सुट्टीत दोन दिवसांत एक पुस्तक संपवायचे, हाक मारली तरी उठायचे नाही. आता ग्रंथालयातून पुस्तक आणते, ते तिसाव्या-चाळिसाव्या पानावर अडकतं आणि मुदत संपली की तसंच परत जातं. दोन पानं झाली की हात आपोआप मोबाइलकडे वळतो. अभ्यासाची पुस्तकं इंग्रजीत आहेत. चार पानांना तास लागतो, अख्खं पान पिवळं करून ठेवते आणि आठवड्याने काहीच आठवत नाही. जानेवारीत वर्षभरात ५२ पुस्तकं वाचायचा संकल्प केला होता. मार्चपर्यंत तीन झाली, मग सोडून दिलं. वर्गातली एक मुलगी दर आठवड्याला संपवलेल्या पुस्तकाचा फोटो टाकते. माझं डोकं बिघडलंय का? वेगवाचनाचा कोर्स करू का? आणि ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायचं का? टेबलावर तीन अर्धवट पुस्तकं पडली आहेत, त्यांच्याकडे बघवत नाही."

प्रिय मैत्रिणी,

डोकं बिघडलेलं नाही. तुझ्या पत्रात तीन निरनिराळी दुखणी एकाच नावाखाली आली आहेत. आवडीचं वाचन मध्येच तुटतं, अभ्यासाचं वाचन हळू होतं आणि टिकत नाही, आणि दुसरीचा आकडा पाहून मन खट्टू होतं. तिन्हींचं औषध वेगळं, पण मूळ बहुतेक एकच आहे. शाळेत ज्या रीतीने वाचायचीस त्याच रीतीने तू आजही सगळं वाचतेस: पहिल्या पानापासून, सलग, शेवटापर्यंत. त्या वयाच्या गोष्टीच्या पुस्तकाला ती रीत पुरते, कारण गोष्ट स्वतःच पुढे ओढते, वाक्यं आटोपशीर असतात, शब्द ओळखीचे असतात आणि सुट्टीचा अख्खा दिवस हाताशी असतो. आता मजकूर बदलला, भाषा बदलली, मोकळा वेळ दिवसभर तुकड्या-तुकड्यांत विखुरला. रीत तेवढी जुनीच राहिली.

काहीही बदलण्याआधी तीन दिवस फक्त मोजमाप कर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव, साधं घड्याळ समोर घे आणि सोपं, आवडीचं काहीतरी १० मिनिटं वाच. लक्ष भरकटलं की खुणेच्या चिठ्ठीवर पेन्सिलने एक टिंब दे. पुस्तकावर नको, विशेषतः ते ग्रंथालयाचं असेल तर. दहा मिनिटांनी किती पानं झाली आणि किती टिंबं पडली ते लिहून ठेव. नंतर तेच अभ्यासाच्या पुस्तकावर कर. तीन दिवसांच्या सहा नोंदी पुरेत.

या नोंदी बरंच सांगतात. टिंबं पहिल्या तीन-चार मिनिटांत गर्दीने पडून नंतर विरळ होत असतील तर तुझ्यात काही कमी नाही. मन बसायला तेवढा वेळ लागतोच, आणि तू आजवर नेमकी त्याच टप्प्यावर उठत आलीस. टिंबं उलट आठव्या-नवव्या मिनिटाला वाढत असतील तर वेळ चुकीची आहे (झोपेची, दमलेली) किंवा पुस्तक जड आहे. सोप्या पुस्तकात टिंबं कमी आणि अभ्यासाच्या पुस्तकात खूप, असा फरक असेल तर अडचण लक्षाची नसून भाषेची किंवा पद्धतीची आहे. आणि दहा मिनिटांच्या आतच ओळी धूसर होत असतील, अक्षरं दुहेरी दिसत असतील किंवा कपाळ दुखत असेल, तर आधी डोळे तपासून घे. चष्म्याचा नंबर बदललेला असतो आणि विद्यार्थी महिनोन्‌महिने स्वतःच्या आळसाला दोष देत बसतात.

वेगवाचनाच्या कोर्सचा विचार सोडून दे. वाचताना डोळा ओळीवरून सरळ घसरत जात नाही. तो उड्या मारतो आणि प्रत्येक उडीनंतर साधारण पाव सेकंद थांबतो. त्या थांब्यात अगदी स्पष्ट दिसतो तो पानाचा फार छोटा भाग, त्यामुळे 'एका नजरेत अख्खी ओळ' हा दावा डोळ्याच्या रचनेतच बसत नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांच्या १० ते १५ टक्के उड्या मागच्या दिशेने असतात. कोर्सवाले त्यांना वाईट सवय म्हणतात. पण त्या उड्या म्हणजे न कळलेलं दुरुस्त करण्याची सोय आहे, आणि प्रयोगात ती काढून घेतली तेव्हा आकलन घसरलं. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले. त्यात इंग्रजी मनात वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द आणि ललित मजकुराला २६० शब्द निघाला. मिनिटाला हजार शब्दांची जाहिरात करणारा कोर्स चाळायला शिकवतो. चाळणं उपयोगी आहे, पण त्याला पैसे मोजायची गरज नाही. हे इंग्रजीचे आकडे मराठी वाचनाला लावू नकोस, कारण मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. 'मैत्रिणींसाठीसुद्धा' हा एक शब्द आहे, तेवढ्यालाच इंग्रजीत तीन-चार लागतात. आपण पानं मोजावीत हे बरं.

वेग खरोखर वाढतो तो ओळखीचे शब्द आणि विषयाची माहिती वाढल्याने, आणि ती वाढते वाचूनच. तेव्हा सगळं काही हातात कोणतं पुस्तक येतं यावर येऊन थांबतं.

तेराव्या वर्षी जे आवडायचं ते एकोणिसाव्या वर्षी आवडेलच असं नाही. बरेच विद्यार्थी शाळेतल्या आवडीवर पुस्तक निवडतात किंवा 'हे वाचलंच पाहिजे' अशा याद्यांवर निवडतात. दोन्हींत आजची तू कुठेच नसतेस. एक कागद घे आणि गेल्या महिन्यात शेवटपर्यंत पाहिलेले व्हिडिओ, तावातावाने घातलेले वाद आणि कोणाला तरी विचारलेले प्रश्न असं दहा गोष्टींचं टिपण कर. त्यात पुस्तकाचं नाव येऊ देऊ नकोस. एखाद्या खटल्याचा व्हिडिओ तासभर पाहिला असशील तर गाजलेल्या खटल्यांची हकीकत, न्यायालयीन आठवणी, रहस्यकथा या वाटा तुझ्या आहेत. सामन्यांचे आकडे तोंडपाठ असतील तर खेळाडूंची चरित्रं. मैत्रिणीशी झालेल्या भांडणाचा आठवडाभर कीस काढत बसलेली असशील, तर माणसांच्या मनात शिरणाऱ्या कथा. आवड आधीच आहे, ती सध्या पडद्यावर खर्च होते, एवढाच अर्थ.

रहस्यकथा, प्रेमकथा, भयकथा वाचायला संकोच वाटत असेल तर तो काढून टाक. मोडलेली सवय पुन्हा जोडायला पान उलटायची ओढ लागते, आणि ती ओढ हे प्रकार भरपूर देतात. 'दर्जेदार' म्हणून उचललेलं आणि तिसाव्या पानावर सोडलेलं पुस्तक कोणाच्याच उपयोगाचं नाही.

ग्रंथालयात कपाटासमोर उभं राहून पुस्तकाची परीक्षा चार मिनिटांत होते. अनुक्रमणिका पाहा, पहिलं पान वाच, मग अंदाजे मधलं एक पान पूर्ण वाच. मलपृष्ठावरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो, त्यावर विसंबू नकोस. पहिलं पान लेखकाने सर्वांत जास्त वेळा घासलेलं असतं, त्यामुळे त्याची नेहमीची चाल मधल्या पानावरच कळते. त्या पानावर पुढे काय झालं असेल असं क्षणभर जरी वाटलं तरी पुस्तक घे. इंग्रजी पुस्तक असेल तर आणखी एक कसोटी: मधल्या पानावरचे शंभरेक शब्द वाचून अजिबात न कळणारे किती ते मोज. हू आणि नेशन यांच्या २०००मधल्या अभ्यासात दिसलं, की गोष्ट कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे शंभरात दोन अनोळखी शब्द चालतात. पाच-सहा निघाले तर पुस्तक चांगलं असूनही आज तुझ्यासाठी नाही, सहा महिन्यांनी पुन्हा उघड. मौजेसाठी सध्या मराठीतच वाच. त्याने इंग्रजी मागे पडत नाही, उलट वाचत बसण्याचा दम तयार होतो आणि तो पुढे दोन्ही भाषांना उपयोगी पडतो.

पहिली चार-पाच पुस्तकं १२० ते १६० पानांची निवड. अक्षर बारीक आणि ओळी दाटीवाटीच्या असतील तर तेही नाकारायला पुरेसं कारण आहे. कादंबरीआधी कथासंग्रह, ललित लेख, पत्रं, प्रवासवर्णनं बघ. दहा-बारा पानांची कथा एका बैठकीत संपते. संपवण्याचा अनुभव तुला बऱ्याच दिवसांत मिळालेला नाही आणि आत्ता सर्वांत जास्त गरज त्याचीच आहे.

कपाट शोधायला अडत असशील तर पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा वाचायला शिक. बऱ्याच महाविद्यालयीन ग्रंथालयांत ड्यूई दशांश वर्गीकरण असतं, १८७६पासून चालत आलेलं. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ या आकड्याखाली येतं: कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३, निबंध ८९१.४६४. प्रवास आणि भूगोल ९१०च्या आसपास, चरित्रं बहुधा ९२०ला, विज्ञान ५००च्या घरात. विद्यार्थी संगणकावर नाव शोधतात, ते पुस्तक बाहेर गेलेलं असलं की रिकाम्या हाताने परततात. नाव सापडलं नाही तरी आकडा घेऊन कपाटापाशी जा, त्याच्या शेजारची दहा पुस्तकं त्याच विषयाची असतात. आणखी एक जागा म्हणजे नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांची ढकलगाडी किंवा टेबल. तिथली पुस्तकं कोणीतरी खरोखर नेलेली असतात. ग्रंथपालांना विचारायचं असेल तर "काहीतरी चांगलं सुचवा" असं म्हणू नकोस. "मला अमुक पुस्तक आवडलं होतं, असंच पण छोटं काही आहे का?" असं विचार. पहिल्या प्रश्नाला कोणीही ठरावीक पाच नावं सांगेल, दुसऱ्याला नेमकं उत्तर मिळतं.

आता तुझ्या तिसाव्या पानाकडे येऊ, कारण पत्रातली सर्वांत बोलकी खूण तीच आहे. पुष्कळ कादंबऱ्यांची पहिली तीस-चाळीस पानं ओझ्याची असतात. माणसांची नावं, नाती, गाव, काळ, कोण कोणावर रागावलेलं, सगळं तिथेच लादलं जातं. हे ओझं एका दमात उचललं तर पेलतं. तू सोमवारी पाच पानं, गुरुवारी सहा, रविवारी चार अशी वाचतेस. मधल्या दिवसांत नावं विसरतात. तिसाव्या पानाशी लेखकाला वाटतं, वाचकाला आता सगळे ओळखीचे झाले, आणि तो ओळख देणं थांबवतो. तुला तर कोण कोणाची मामी हेच आठवत नसतं. कंटाळा येतो तो इथून, आणि त्याचं खापर तू स्वतःच्या डोक्यावर फोडतेस.

यावर उपाय आहे. कादंबरी नेहमी सुट्टीच्या दिवशी सुरू कर. पहिल्या बैठकीला ४५ मिनिटं ते तास दे आणि पहिली चाळीस पानं दोन दिवसांत ओलांड. खुणेच्या चिठ्ठीवर नावं आणि नाती लिहीत जा, पाच-सहा ओळी होतात. एकदा चाळीस पानं ओलांडली की मग रोज १५-२० मिनिटंही पुरतात, कारण पुढे गोष्टच तुला ओढते. मध्ये चार दिवसांचा खंड पडला तर पुढे जाण्याआधी शेवटची दोन पानं पुन्हा वाच.

आणि चाळीस पानं नीट, दोन दिवसांत वाचूनही पुढचं पान उलटावंसं वाटत नसेल तर पुस्तक परत कर. नुसतं कंटाळवाणं असेल तर लगेच. अवघड आहे पण कुतूहल आहे, असं असेल तर आणखी वीस पानं दे. सोडलेल्या पुस्तकाच्या नावापुढे का सोडलं ते एका वाक्यात लिही: 'वर्णनं लांब', 'नावं फार', 'उपदेश जास्त'. अशी पाच वाक्यं जमली की निवड आपोआप सुधारते.

वेळेबद्दल. 'रोज वाचेन' हा संकल्प टिकत नाही, कारण त्यात कधी आणि कुठे हे नाही. आधीपासून रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला वाचन जोड: सकाळी आंघोळ झाली की खिडकीपाशी बसून १५ मिनिटं, किंवा कॉलेजमधून आल्यावर बॅग ठेवली की लगेच. झोपण्यापूर्वीची वेळ बरेच जण निवडतात. ती चालते, पण तिथे पुस्तक झोपेशी झुंजतं आणि हरतं, म्हणून रोजची एकमेव वेळ तीच असू नये. पुस्तक डोळ्यांसमोर, उघडता येईल असं ठेव. बॅगेच्या तळाशी गेलेलं पुस्तक वाचलं जात नाही.

मोबाइल नुसता उपडा ठेवून भागत नाही. हात वळतो तो सूचना आली म्हणून नव्हे, तर एखादं वाक्य अवघड आलं म्हणून. आपलं टिंबांचं टिपण पाहा, बहुतेक टिंबं लांब वाक्यापाशी किंवा परिच्छेद संपताना पडलेली दिसतील. म्हणून मोबाइल उठून आणावा लागेल इतका दूर हवा, दुसऱ्या खोलीत किंवा कपाटात. वाचताना शब्दाचा अर्थ पाहायचा मोह झाला तर चिठ्ठीवर शब्द लिही आणि बैठक संपल्यावर एकदम पाहा. शब्दकोश उघडायला घेतलेला मोबाइल वीस मिनिटांनी खाली ठेवला जातो, हे तुला सांगायला नको.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर सवयींचा एक अभ्यास झाला, २०१०मध्ये छापला गेला. तो खाणं, पिणं, व्यायाम यांच्या सवयींचा होता, वाचनाचा नाही. पण त्यातल्या दोन गोष्टी तुझ्या कामाच्या आहेत. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि माणसागणिक हा आकडा १८पासून २५४पर्यंत पसरला होता. म्हणजे तीन आठवड्यांत जमलं नाही म्हणून हात टेकायचं कारण नाही. दुसरी, एखादा दिवस चुकल्याने सवय जुळण्यावर फारसा परिणाम झाला नाही. मार्चमध्ये तू मागे पडलीस आणि सगळंच सोडलंस, तिथे फक्त दुसऱ्या दिवशी पुन्हा पुस्तक उघडायचं होतं.

त्या संकल्पाचा हिशेबही एकदा पाहा. सरासरी २५० पानांची ५२ पुस्तकं म्हणजे १३,००० पानं, रोजची जवळजवळ ३६. पानाला दोन मिनिटं धरली तर रोज ७२ मिनिटं, परीक्षेच्या आठवड्यांतसुद्धा. तो संकल्प तुझ्या वेळापत्रकात मावणाराच नव्हता. आता दुसरा हिशेब: रोज २० मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे साठ पानं. १६० पानांचं पुस्तक तीन आठवड्यांच्या आत संपतं. परीक्षांचे दोन महिने वजा केले तरी वर्षाला पंधरा-सोळा पुस्तकं होतात. पण हा आकडा भिंतीवर लावू नकोस. आकडा लावला की माणूस पातळ पुस्तकं शोधतो आणि जाड, आवडू शकणारं पुस्तक टाळतो. वहीत फक्त तारीख, पान क्रमांक आणि जमलं तर एक ओळ. त्या मुलीच्या फोटोंमधून ती काय आणि कसं वाचते ते कळत नाही, म्हणून त्यांच्याशी तुलनाही होऊ शकत नाही. तिला एकदा गाठून "यातलं मला कोणतं आवडेल?" असं विचार. पुस्तकांची अदलाबदल करायला एक माणूस मिळाला तर तो फार मोठा आधार असतो.

अभ्यासाच्या पुस्तकाला वेगळी रीत हवी. चार पानांना तास लागतो याचं कारण तू प्रत्येक वाक्याला सारखं वजन देतेस. पहिल्या पाच मिनिटांत वाचायचंच नाही. प्रकरणाचं शीर्षक, उपशीर्षकं, आकृत्यांखालच्या ओळी, शेवटचा सारांश आणि स्वाध्यायाचे प्रश्न तेवढे पाहायचे. प्रश्न आधी वाचणं हा चोरटेपणा नाही. पानावर काय शोधायचं ते त्याने कळतं. मग प्रत्येक उपशीर्षकाचा वहीत एक प्रश्न कर. 'महागाईची कारणे' असं असेल तर 'महागाई कशाकशाने वाढते?' आता त्या प्रश्नाचं उत्तर शोधत दोन-तीन पानं वाच. पहिल्या वाचनात पेन खाली. त्यानंतर पुस्तक मीट आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल, फक्त पारिभाषिक शब्द पुस्तकातला असू दे. अडलीस तर अडलेल्या जागी रिकामी रेघ सोड. मग पुस्तक उघड, रेघा भर, चुका दुसऱ्या रंगाने दुरुस्त कर. रंगवायचं असेल तर आता, आणि पानाला दोन-तीन ओळींपेक्षा जास्त नाही.

तुझं पिवळं पान का टिकत नाही ते यातूनच कळेल. पहिल्याच वाचनात काय महत्त्वाचं ते माहीत नसतं, म्हणून सगळंच महत्त्वाचं वाटतं. शिवाय रंगवलेलं पान पुन्हा पाहिलं की ते ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण 'येतं' समजतो. परीक्षेत ओळखायचं नसतं, आठवायचं असतं. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एका सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. पुन्हा पुन्हा वाचताना छान चाललंय असं वाटतं ते यामुळेच, आणि आठवड्याने हाती काही उरत नाही तेही यामुळेच.

म्हणून लिहिलेले प्रश्न फेकू नकोस. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या दिवशी, मग साधारण दहाव्या दिवशी पुस्तक न उघडता त्यांची उत्तरं दे. प्रत्येक वेळी दहा मिनिटं लागतील. एकाच दिवशी तीनदा केलंस तर तेवढाच वेळ जाईल आणि फायदा बराच कमी होईल, कारण थोडं विसरल्यावर आठवायला जे कष्ट पडतात तेच कामाचे असतात.

इंग्रजीचं म्हणशील तर प्रत्येक विषयाचे पारिभाषिक शब्द मर्यादित असतात आणि तेच ते फिरून येतात. प्रत्येक प्रकरणाचे १५-२० शब्द एका पानावर काढ: शब्द, मराठी अर्थ, पुस्तकातलं एक छोटं वाक्य. बाकीचे अनोळखी शब्द पहिल्या वाचनात सोडून दे. एखादा शब्द तिसऱ्यांदा आला आणि अजूनही अडवतोय, तरच पाहा. प्रकरण सुरू करण्याआधी त्याच विषयावरचं मराठीतलं पाच-सात पानांचं काही मिळालं तर ते आधी वाच. विषय ओळखीचा झाला की परक्या भाषेतलं वाक्य निम्मं आधीच कळलेलं असतं. सुरुवातीला या रीतीने चार पानांना तासच लागेल, कदाचित थोडा जास्तच. फरक तासात पडणार नाही, आठवड्यानंतरच्या आठवणीत पडेल.

तू पीडीएफवर अभ्यास करतेस की छापील प्रतीवर हे लिहिलेलं नाहीस. २०१८मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला, १,७०,०००हून जास्त वाचकांचा. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक वाढतो, असं त्यात दिसलं. निव्वळ गोष्टीच्या मजकुरात तसा फरक दिसला नाही. तेव्हा कादंबरी पडद्यावर खुशाल वाच, अभ्यासाचं अवघड प्रकरण मात्र जमलं तर छापून घे. पडद्यावरच वाचावं लागलं तर इंटरनेट बंद कर आणि दर दोन पानांनी थांबून कागदावर दोन ओळी लिही. स्क्रीनवर आपण चाळण्याच्या वेगाने जातो, हा थांबा तो वेग मोडतो.

ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणायला आमची हरकत नाही. कथा, आत्मचरित्र, आठवणी ऐकायला उत्तम, प्रवासात आणि घरकाम करताना तर विशेष. ऐकताना मागे जाणं गैरसोयीचं असतं, म्हणून आकडे, व्याख्या आणि युक्तिवाद असलेला मजकूर कानांवर सोडू नकोस. डोळ्यांनी वाचत बसायचा दमही ऐकून येत नाही, तेव्हा रोजची १५-२० मिनिटं वेगळी राहू देत.

एक गोष्ट विचारायची राहिली. फक्त पुस्तकंच नव्हे, तर गाणी, मैत्रिणी, खेळ, जे जे आवडायचं त्या सगळ्यातूनच मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा वाचनाचा प्रश्न नाही. महाविद्यालयाच्या समुपदेशकांशी किंवा डॉक्टरांशी बोल, उशीर करू नकोस. तसं नसेल तर हा परिच्छेद सोडून दे.

टेबलावरच्या तीन पुस्तकांचं या रविवारी असं कर. तिन्हींचं मधलं एकेक पान वाच. ज्याच्या पुढच्या पानाचं कुतूहल वाटेल ते एक ठेव, दोन सोमवारी परत कर आणि त्यांच्या जागी एक पातळ कथासंग्रह आण. ठेवलेलं पुस्तक जिथे सोडलंस तिथून सुरू करू नकोस. पहिल्या पानापासून, ४५ मिनिटं, नावांची चिठ्ठी शेजारी घेऊन बस. तीन आठवड्यांनी टिंबांचं मोजमाप पुन्हा कर आणि दोन्ही वेळचे आकडे आम्हाला कळव. पुढचं त्यावरून ठरवू.